एका रेझिस्टरनं काय होतं?

सरावप्रश्नांतल्या जगात मला एकदा राहायला जायचं आहे. तिथं अँटेना मोकळ्या अवकाशात उभा असतो आणि त्याच्या आसपास अनंत अंतरापर्यंत कुणी म्हणजे कुणी नसतं. जमीन शंभर टक्के सुवाहक असते, तारेत काही वाया जात नाही, आणि ए व बी नावाच्या दोन वायरींवर एक तर शून्य असतो, नाही तर एक. तिसरी भानगडच नाही. आमच्या बोरगाव मेघेत गच्चीवर अँटेना उभा केला की एका बाजूला कडुलिंब येतो, दुसऱ्या बाजूला शेजारच्या काकाजींची काळी टाकी, वर वानरांची टोळी आणि खाली जिन्यात उभी राहून "एवढ्या उन्हाचे काय करून राहिले तुम्ही वर?" असं विचारणारी बायको. यातलं कुणीच सूत्रात बसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मीसुद्धा बसत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. नोकरी मात्र पतसंस्थेत लागली आणि निवृत्तीपर्यंत मी मुदत ठेवींचं व्याज काढत बसलो. तरी नातेवाइकांत माझा दर्जा इंजिनिअरचाच राहिला. कुणाचा रिमोट चालेनासा झाला की फोन मला येतो. "सेल बदलून पाहा," असं मी थोडा विचार केल्याचं दाखवून सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. एवढ्याशा भांडवलावर ही पत इतकी वर्षं कशी टिकली, याचं ऑडिट कुणी केलं नव्हतं.

ते करायला देवळीहून माझ्या साळीची मुलगी आली. इंजिनिअरिंगची परीक्षा तोंडावर आणि घरी लग्नसराईतल्या पाहुण्यांची वर्दळ, म्हणून अभ्यासाला आमच्याकडे. दोन पेपर तिच्या मानगुटीवर बसले होते. एक डिजिटल लॉजिकचा, दुसरा विद्युतचुंबकीय लहरी आणि अँटेनाचा. तिच्या भाषेत डिजिटल आणि ईएम.

"थिअरी होऊन जाते मावसाजी, न्युमेरिकलच जमून नाही राहिले."

"माझ्याकडे आली ना तू? झालं मंग!"

बायकोनं एकदा माझ्याकडे, एकदा भाचीकडे पाहिलं आणि ती पोळ्या लाटायला निघून गेली.

शिकवण्याची माझी एक पद्धत आहे. गणिताला हात लावायच्या आधी मी त्याचं घराणं सांगतो. गणिताला हात लावायची वेळ त्यामुळे बरीच लांबते.

"सांग, डिजिटल लॉजिकची सुरुवात कुठून होते?"

"नंबर सिस्टिमपासून."

"हिंगणघाटपासून!"

तिनं वही उघडली. बिचारीला वाटलं, हे एखादं प्रमेय असावं.

मग मी लॅम्बटनसाहेबाची गोष्ट सुरू केली. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर एक रेष अचूक मोजली आणि त्या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला घेतला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट मजुरांच्या जिवावर डोंगरावर चढवायचा, कोन मोजायचे, उतरवायचा, पुढचा डोंगर. वीस वर्षं हेच. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला हा म्हातारा जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि तिथंच पुरला गेला. त्याच्या जागी आला त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव पुढं शिखराला चिकटलं. या एव्हरेस्टची पुतणी मेरी. तिनं १८५५ मध्ये लग्न केलं जॉर्ज बूलशी. बूलनं आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, माणसाच्या विचारांचे नियम शून्य आणि एकच्या बीजगणितात मांडणारं पुस्तक काढलं होतं. ऐंशी-एक वर्षं त्याचा व्यवहारात कुणाला फारसा उपयोग सुचला नाही. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन नावाच्या विशीतल्या पोरानं एमआयटीच्या प्रबंधात दाखवलं की रिले आणि स्विच यांची जोडणी याच बीजगणितानं सोडवता येते. झालं, तिथून सगळे कॉम्प्युटर. आणि ज्याचे दोन नियम प्रत्येक पेपरात येतात तो ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला कुठं? मदुराईला, १८०६ मध्ये!

"म्हणजे पाहा," मी टाळी मागितली, "बुलियन अल्जेब्राचं माहेर म्हणजे जवळपास आपला जिल्हाच!"

"मावसाजी, हे किती मार्काले येते?"

"हे येत नाही."

"मंग?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी बूलच्या मरणाकडे वळलो. बूल आयर्लंडातल्या कॉर्कला प्राध्यापक. १८६४ च्या हिवाळ्यात पावसात भिजत तो तीन मैल चालून कॉलेजात गेला, ओल्याच कपड्यांनी त्यानं तास घेतला आणि घरी येऊन तापानं पडला. मेरीबाईंचा विश्वास असा की ज्यानं दुखणं आलं त्यानंच ते जातं. म्हणून त्यांनी नवऱ्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगतात. कुणी सांगतात, बादल्यांनी पाणीसुद्धा ओतलं. बूल काही उठला नाही.

हा एवढा भाग माझ्या बायकोनं लाटणं थांबवून ऐकला. "तास घेतल्याशिवाय घरी येत नव्हता म्हणून झालं ते," असा तिनं निकाल दिला.

शेवटी कार्नो नकाशा आला. मॉरिस कार्नो, बेल लॅब्ज, १९५३, हे मी म्हणेपर्यंत भाचीनं चौकटी आखून माझ्यापुढे सरकवल्या. मी रकान्यांवर ००, ०१, १०, ११ असं वळणदार अक्षरात लिहिलं. तिनं पेन्सिलीनं खोडून ००, ०१, ११, १० केलं. शेजारशेजारच्या घरांत एकाच आकड्याचा फरक असावा लागतो, तरच दोन घरं एकत्र धरून उत्तर लहान करता येतं, हे तिनं मला हळू आवाजात समजावलं. मी म्हटलं, असा शेजार आमच्या गल्लीत कधी जमला नाही, त्यामुळे ते ध्यानात राहिलं नाही.

डिजिटलमध्ये माझी अशी शोभा झाल्यावर मी ईएमकडे मोर्चा वळवला. अँटेना म्हणजे माझा हातखंडा. लहानपणी टीव्हीचा काड्यांचा अँटेना नागपूरच्या दिशेला फिरवायला गच्चीवर मलाच चढवत. त्याचं खरं नाव यागी-उदा, हे मला फार उशिरा कळलं. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोन जपान्यांनी १९२६ मध्ये तो मांडला. जपानात कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपानी सैन्याला एका इंग्रज सैनिकाची रडारविषयीची वही सापडली. तिच्यात सारखा एक शब्द येई, यागी. हा कुठला इंग्रजी शब्द म्हणून त्यांनी कैद्याला विचारलं, तेव्हा कैद्यानंच त्यांना सांगितलं की बाबांनो, हा तुमचाच प्रोफेसर.

भाचीनं आता मार्कांचं विचारणंही सोडून दिलं होतं. ती गप्प बसून गणित उतरवत होती.

पहिलं गणित सोपं होतं. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. "आपलं नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर," मी उदाहरण स्थानिक केलं. ३०० भागिले ०.५८५, म्हणजे साधारण ५१३ मीटर. त्याच्या निम्म्या लांबीचा डायपोल हवा, म्हणजे २५६ मीटर तार. माझ्या डोळ्यांपुढे ती तार आमच्या गच्चीवरून निघून काकाजींची गच्ची, पिठाची गिरणी आणि मंगल कार्यालय ओलांडून गेली.

"पण आजीचा ट्रान्झिस्टर तर फळीवर ठेवूनच वाजत होता," भाची म्हणाली.

मी तो ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला आणि तिला दाखवायला उघडला. आत काळपट फेराइटची कांडी निघाली, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. फेराइट लहरीतला चुंबकीय भाग आपल्यात ओढून घेतं, म्हणून बोटभर कांडीवर भागतं. हे भाचीनं मला सांगितलं. मी ट्रान्झिस्टर पुन्हा बंद करायला लागलो तेव्हा दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. आजी आता नाही, हे त्या दिवशी मला जरा सोयीचं वाटलं.

दुसऱ्या गणितानं मात्र माझ्यात वारं संचारलं. भूउपग्रह केंद्राच्या डिशचा व्यास ३० मीटर, वारंवारिता ६ गिगाहर्ट्झ, कार्यक्षमता ५५ टक्के, तर गेन काढा.

"अगं, ही तर आपली आर्वीची डिश!"

शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं, भारताचं पहिलं व्यावसायिक भूउपग्रह केंद्र आर्वीला, १९७१ मध्ये सुरू झालं, नाव विक्रम. सुमारे ३० मीटर व्यासाची ती डिश हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून देशाचे परदेशी फोन पोचवायची. आर्वी म्हणजे वर्ध्याची आर्वी, पुलगावच्या पलीकडची, यात मला कधी शंका आली नाही. पतसंस्थेत मुंबईचे साहेब आले की मी छाती काढून सांगत असे, साहेब, एकेकाळी तुमचा अमेरिकेचा फोन आमच्या जिल्ह्यातून जात होता. तेही मान डोलवत. त्यांनाही माहीत नव्हतं, किंवा चहा थंड होत होता.

आधी गणित सोडवलं. पाय गुणिले व्यास भागिले लहरीची लांबी, त्याचा वर्ग, गुणिले कार्यक्षमता. ६ गिगाहर्ट्झला लहर ५ सेंटिमीटरची. मी ३० ला ५ नं भागलं, पायनं गुणलं, वर्ग केला आणि उत्तर काढलं, २३ डेसिबल. भाचीनं शेजारच्या बाल्कनीतल्या घरगुती छत्रीचं गणित केलं. साठ सेंटिमीटरची डिश, १२ गिगाहर्ट्झ. तिचं उत्तर ३५ आलं. म्हणजे देशाचं पहिलं केंद्र शेजारच्या काकूंच्या मालिका आणणाऱ्या छत्रीपेक्षा अशक्त निघालं. मी मीटरला सेंटिमीटरनं भागलं होतं. दोन्ही मीटरमध्ये घेतल्यावर खरं उत्तर ६३ आलं.

माझ्या आकड्यापेक्षा दहा हजार पट! अशी वस्तू जिल्ह्यात असताना पुस्तकात डोकं घालून काय बसायचं? "चल, डोळ्यानं दाखवतो," मी म्हणालो आणि वर्धा स्टँडवरून तिला आर्वीच्या एसटीत बसवलं. वाटेत खिडकीतून मी उत्तरेकडचं आभाळ न्याहाळत होतो. एवढी मोठी डिश चार-पाच किलोमीटरवरून तरी दिसायला हवी.

आर्वी स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला मी विचारलं, "भाऊ, इथं ते विक्रम कुठं आहे?"

"कोणता विक्रम? रिचार्जवाला?"

"नाही हो. मोठी डिश. छत्री."

"हं, छत्री होय! आहे ना." आणि त्यानं आपल्या नोकराला आमच्यासोबत दिलं. तीन गल्ल्या ओलांडून त्या पोरानं आम्हाला एका जुन्या केबलवाल्याच्या घरापुढे उभं केलं. गच्चीवर दहा-बारा फुटांची जाळीची छत्री होती, केबलच्या चलतीच्या काळातली. आता ती आडवी करून तिच्यात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरधनीण वरून म्हणाली, "भंगारवाले का? चारशेच्या खाली देणार नाही."

भाचीनं तोवर मोबाइलमध्ये डोकं खुपसलं होतं. तिनं स्क्रीन माझ्यापुढे धरला. आर्वी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. नारायणगावजवळची. तिथून थोड्याच अंतरावर खोडदला ४५-४५ मीटरच्या तीस डिशांची महाकाय रेडिओ दुर्बीणही उभी आहे. सगळ्या मोठ्या डिशा तिकडं, आमच्याकडं मिरच्या.

"मावसाजी, आपल्या पत्त्यात बोरगावच्या पुढं मेघे काहून लिहितात?"

मी उत्तर दिलं नाही. अकोल्याकडे बोरगाव मंजू आहे. आमच्याच जिल्ह्यात सिंदी मेघे वेगळी आणि सिंदी रेल्वे वेगळी, एकीची पत्रं दुसरीला जातात. सावंगी, पिपरी, उमरी, सगळ्यांच्या मागं मेघे लागलं ते बहुधा याचसाठी. एका नावाची दोन गावं असतात, हे ज्याच्या आधारकार्डावर छापलेलं आहे त्या माणसानं आर्वी एकच धरून आयुष्य काढलं. डिजिटलच्या भाषेत माझा एक बिट कमी पडला. येताना गोरसपाकाचा पुडा घेऊन दिला, तो भाचीनं मुकाट्यानं घेतला. घरी काही सांगणार नाही, असं मात्र तिनं कबूल केलं नाही.

आता इभ्रत वाचवायला एकच मार्ग होता. प्रत्यक्ष करून दाखवायचं. आमच्याकडे नळ येतो तो त्याच्या मर्जीनं. पाणी आधी जमिनीतल्या टाक्यात पडतं, तिथून मोटरनं वरच्या टाकीत चढवायचं. बटण दाबायचं आणि बंद करायचं काम माझं, आणि बंद करायचं मी विसरतो. तेव्हा मोटर स्वतःच चालू-बंद होईल असं सर्किट मी बनवणार होतो, तेही एका आयसीत. ४००१, चौदा पायांचा, पोटात चार नॉर गेट. त्यातले दोन एकमेकांत अडकवले की लॅच तयार होतो. सेटवर क्षणभर एक आला की तो चालू अवस्थेत जातो, आणि रीसेटवर एक येईपर्यंत तिथून हलत नाही.

हिशेब बिनतोड होता. वरची टाकी हजार लिटरची, खालचं टाकं पाचशेचं. टाकी निम्मी झाली की तिच्यातला फ्लोट सेटला एक देणार, मोटर सुरू. टाकं रिकामं झालं की तिथला फ्लोट रीसेटला एक देणार, मोटर बंद. निम्म्या टाकीत पाचशे लिटर गेले की टाकी काठोकाठ, पण थेंब सांडणार नाही. भाचीनं ट्रुथ टेबल मांडून तपासलं आणि म्हणाली, "बरोबर आहे मावसाजी." त्या वाक्यानं मी दोन इंच वाढलो.

सामान नागपूरहून सीताबर्डीतून आणलं. वरच्या फ्लोटपासून जिन्याखालच्या बोर्डापर्यंत पंधरा मीटर साधी घंटीची वायर भिंतीला खिळे मारून सोडली. ती भिंत म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघराला लागून असलेली. सेट आणि रीसेट दोन्हींना दहा हजार ओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीशी जोडायचा होता. टाक्याकडचा जोडला. वरच्या वायरीचा हातातून निसटला आणि कुठं गेला कळलं नाही. रात्रीचे अकरा वाजले होते, गरम सोल्डरिंग आयर्न एका हातात, टॉर्च दातात. म्हटलं, एका रेझिस्टरनं काय होतं? फ्लोट उघडा असला की वायरीवर काहीच नाही, आणि काहीच नाही म्हणजे शून्य. पतसंस्थेत तरी असंच असायचं.

सकाळी आठच्या सुमारास मोटर आपोआप सुरू झाली. मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. तिनंही कौतुक केलं. मग वरून पाण्याचा आवाज आला. टाकी आधीच भरलेली होती. पाचशे लिटर पाणी टाकीच्या ओव्हरफ्लोमधून गच्चीवर, गच्चीच्या पाइपातून काकूंच्या अंगणात आणि तिथं चादरीवर पसरलेल्या कुरड्यांवर. मी मोटर बंद करायला धावलो, पण लॅच लॅच होता, तो रीसेटशिवाय ऐकेना. मेन स्विचचं मला सुचलं नाही. वर जाऊन ओव्हरफ्लोला तळहात लावून बसलो आणि नखशिखांत भिजलो. तेवढ्यात बायको बादली घेऊन वर आली. मला मेरी बूल आठवली आणि मी दोन पावलं मागं सरलो. ती सांडलेलं पाणी भरून घ्यायला आली होती.

पुढं हे रोजचंच झालं. काकूंनी वाळवण आत घेतलं, पण पाणी वेळीअवेळी येतच राहिलं. मी वानरांवर संशय घेतला, मग फ्लोटवर, मग व्होल्टेजवर. आयसी बदलला. उन्हात छत्री धरून टाकीजवळ पाळत ठेवली, तर त्या वेळी मोटर चालू व्हायची नाही. खाली उतरून जेवायला बसलो की टक. रिले लागायचा तो आवाज मला झोपेतसुद्धा ऐकू यायला लागला.

भाचीनं मात्र वही काढली. मोटर कधी सुरू होते ते ती लिहीत गेली. टाकी, टाकं, नळ, आणि चौथा रकाना तिनं ज्याच्यासाठी ठेवला ते पाहून मला हसू आलं. मिक्सर. "जवसाच्या चटणीचा वास आला की मोटर लागते मावसाजी. मी दोनदा पाहिलं." चार चलं, सोळा घरं. रकान्यांचा क्रम तिनं माझ्यावर सोपवला नाही. टाकी निम्मी रिकामी असण्याची वेळ कधी आलीच नव्हती, कारण त्याच्या आधीच काकूंचं वाटण असायचं. जी अवस्था घडतच नाही, तिच्या घरांत फुल्या मारायच्या आणि त्या हव्या तशा वापरायच्या, असा नियम आहे. नळ असो नसो, फरक नाही. दोन-दोन, चार-चार घरं एकत्र धरत ती खाली आली आणि उत्तराखाली रेघ मारली. टाक्यात पाणी असलं म्हणजे झालं. मग मोटर बरोबर शेजारचा मिक्सर.

पडताळा घ्यायला ती काकूंकडे गेली. मी जिन्याखाली बोर्डाजवळ कान लावून बसलो. भिंतीपलीकडे घर्रर्र झालं, आणि बोर्डावर टक.

"आमच्या मिक्सरनं तुमच्या मोटरचं काय घोडं मारलं बाप्पा?" काकू भिंतीवरून विचारत होत्या.

कारण भाचीनं सांगितलं, आणि ते दोन्ही पेपरांच्या बरोबर मधलं होतं. मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्यावर घासतात. ते झिजले की ठिणग्या उडतात. १८८७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला हाइनरिश हर्ट्झनं विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा पकडल्या त्या ठिणगी उडवूनच. काकूंच्या ओट्यावर तो प्रयोग रोज सकाळी जवस घालून होत होता. लहरी पकडायला भिंतीवर माझी पंधरा मीटरची तार. पाव लहर धरली तर ५ मेगाहर्ट्झचा अँटेना, हे गणित तिनं तोंडी केलं. आणि तारेच्या टोकाला सीमॉस आयसीचा पाय, जो नुसत्या हाताच्या सावलीलाही एक समजतो. दहा हजार ओहमचा रेझिस्टर असता तर हे सगळं जमिनीत गेलं असतं.

"जिले काहीच जोडलं नाही ते वायर शून्य नसते मावसाजी. ते काहीबी असते." मग तिला हसू फुटलं. "पण तुम्ही अँटेना बनवला ना! न जमणारा टॉपिक होता तो."

रेझिस्टर शोधायला मी बायकोला कोपऱ्यांत झाडू मारायला लावला. "बारीक आहे, पोट फुगलेलं, दोन्हीकडून तार, अंगावर तपकिरी, काळा, नारिंगी पट्टा."

"ते होय? मी त्याच दिवशी केरात टाकलं. मले वाटलं झुरळाचं काही आहे."

भाचीनं आपल्या पेन्सिल-पाउचमधून दुसरा काढून दिला. तो पहिल्यापासून तिच्याकडे होता. मी विचारलं नव्हतं. तिनंच तो जोडला, वायरीजवळ एक छोटा कपॅसिटरही टाकला, आणि मिक्सर तासभर चालवून पाहिला तरी बोर्ड गप्प. तो तासभर वाया जाऊ नये म्हणून काकूंनी चटणी वाटली. ती वाटीभर आमच्याकडेही आली.

डिजिटलचा पेपर तिला चांगला गेला. ईएमचाही. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी तिची बॅग भरून झाली होती तेव्हा शेजारचे काकाजी आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते तुमचं मिक्सरवर चालणारं मशीन आमच्याकडं बसवून द्या ना. आमची टाकी भरायची राहून जाते, पण मिक्सर मात्र रोज चालते."

मी समोर पडलेली लग्नपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढायला घेतली. मिक्सर घरचाच असल्यामुळे वायर लहान लागणार होती, हा एक फायदा मी काकाजींना समजावून सांगत होतो. भाचीनं सोल्डरिंग आयर्न टेबलावरून उचललं, वायर गुंडाळली, आपल्या बॅगेत घातलं आणि "येतो मावसाजी," म्हणून देवळीची बस धरायला निघाली.